वारंगा फाटा व गोल्फचें मैदान

नांदेड सोडून उत्तरेकडे निघालें म्हणजे वारंगा फाट्यावर रस्ता दुभंगतो. एक वाट हिंगोलीवरून अकोल्याकडे व तेथून मेळघाटच्या डोंगरांकडे जाते. दुसरी उमरखेड व यवतमाळ मागें टाकीत नागपूर गांठते. आणि प्रवाशानें तोंड फिरविलें तर तीच सडक त्याला नांदेडवरून लातूर-तुळजापुराकडे अथवा हैदराबादेकडे घेऊन जाते. अशा ठिकाणीं मनुष्य सहसा दोनच गोष्टींसाठीं थांबतो : गरम खिचडी खाण्यासाठीं, आणि आपणांस जावयाचें कोठें याचा निश्चय करण्यासाठीं. गेल्या वैशाखांत आमच्या मंडळींत या दुसऱ्या गोष्टीवरून वाद निघाला, व त्या वादांतून प्रस्तुत लेख जन्मास आला. आमच्या पुतण्याला परदेशीं नोकरी करीत असतां गोल्फचा नाद लागला आहे. सुटी घालवावयाची तर जेथें चांगलें मैदान असेल अशाच ठिकाणीं, हा त्याचा हट्ट. आणि चांगलें मैदान म्हणजे कोणतें, हा आमचा प्रश्न. त्यानें हिरवळीचा मऊपणा, खळग्यांची संख्या व उतरण्याची सोय अशा तीन कसोट्या सांगितल्या. आम्हांस त्या अपुऱ्या वाटल्या. कां अपुऱ्या वाटल्या हें सांगावयाचें तर या खेळाचा इतिहास थोडासा उलगडला पाहिजे.

गोल्फ हा खेळ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वाढला. १४५७ सालीं, दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत, तेथील पार्लमेंटानें त्याला बंदी केली. कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या नादीं लागले होते. बंदी घालावी लागली यावरूनच खेळ किती रुजला होता हें कळतें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्या जमिनीवर तो खेळ रुजला ती शेतकऱ्याच्या कामाची नव्हती. समुद्र व शेतें यांच्यामध्यें वाळूच्या टेकाडांची जी पट्टी असते, तिच्यांत नांगर चालत नाहीं. तेथें आखूड गवत आपोआप उगवतें, मेंढ्या व ससे तें खाऊन सारखें ठेवतात, आणि पावसाचें पाणी वाळूंत तत्काळ मुरून जातें. असलें मैदान राखावयास पाट नको, विहीर नको, माळ्यांची फौजही नको. सेंट अँड्र्यूज येथील जगद्विख्यात मैदान हें अशाच सामाईक जमिनीवरचें. १७६४ सालीं तेथील खेळाडूंनीं एका फेरींतील बावीस खळगे कमी करून अठरा केले, आणि तोच आंकडा पुढें साऱ्या जगानें पत्करला. सारांश, जन्मभूमींत या खेळानें कोणाच्या तोंडचा घांस काढून घेतला नाहीं. त्याला जी भूमि मिळाली ती दुसऱ्या कोणी टाकून दिलेली होती.

पुढें हा खेळ देशाटनास निघाला तो स्कॉच सैनिक व व्यापारी यांच्या सामानाबरोबर. कलकत्त्यास १८२९ सालीं गोल्फचा क्लब निघाला व मुंबईस १८४२ सालीं. म्हणजे फ्रान्स-जर्मनींत ज्या वेळीं या खेळाचा एकही क्लब नव्हता त्या वेळीं तो आमच्या देशांत दोन ठिकाणीं चालूं होता. युरोप खंडावरील पहिला क्लब पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं पो या गांवीं १८५६ सालीं स्थापन झाला. या पो गांवाचा उल्लेख मुद्दाम करण्याचें कारण असें कीं, हवापालटासाठीं जावें व तेथें गोल्फ खेळावें, या आजच्या रिवाजाचें एक मूळ तेथें सांपडतें. तेथील सौम्य हवेचे गुण एका स्कॉच डॉक्टरानें पुस्तक लिहून वाखाणले, थंडीनें गांजलेले इंग्रज हिंवाळा काढण्यास तेथें जमूं लागले, आणि रिकाम्या वेळाचें करावें काय या विवंचनेंतून मैदान तयार झालें. त्याच्याही मागची एक आख्यायिका आहे. १८१४ सालीं ऑर्थेझच्या लढाईनंतर वेलिंग्टनच्या सैन्यांतील कांहीं स्कॉच अंमलदार या गांवीं उतरले असतां प्रथम तेच तेथें गोल्फ खेळले, असें सांगतात.

ही आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांतील सेनापति मराठवाड्याला अपरिचित नाहीं. वेलिंग्टन म्हणजेच जनरल वेलस्ली. १८०३ च्या सप्टेंबरांत त्यानें जालन्याजवळ असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या फौजेशीं सामना दिला, तेव्हां त्याच्या सैन्यांत ७४ वी व ७८ वी या दोन स्कॉच पलटणी होत्या, आणि त्यांपैकीं पहिलीचा तर त्या दिवशीं भयंकर संहार झाला. तेथून नोव्हेंबरांत अडगांव व डिसेंबरांत गाविलगड. या गाविलगडाच्या शेजारींच आजचें चिखलदरा आहे. व १८२३ सालीं तें ठिकाण हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन यानें युरोपियनांच्या नजरेस आणलें. म्हणजे जेथें तोफा गेल्या तेथें वीस वर्षांनीं आरामखुर्च्या गेल्या. थंड हवेच्या बहुतेक ठिकाणांचा इतिहास याच क्रमानें घडला आहे. आमच्या हिंगोलीसही १९०३ पर्यंत हैदराबाद काँटिंजंटची छावणी होती, आणि याच फौजेच्या खर्चापायीं १८५३ सालीं निजामाला वऱ्हाड इंग्रजांकडे सोंपवावा लागला. वैशाखांतला हिंगोलीचा उन्हाळा ज्यानें भोगला असेल, त्याला त्या छावणींतील अंमलदारांची दृष्टि डोंगरांकडे कां लागत असेल हें निराळें सांगावयास नको.

सह्याद्रींत हेंच घडलें. १८२४ सालीं जनरल लॉडविक महाबळेश्वरीं चढून गेला. १८२८ सालीं गव्हर्नर माल्कम यानें तेथें वसाहतीचा पाया घातला. आणि लौकरच साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून तें ठिकाण वांईकडील खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत इंग्रजांकडे आलें. सातपुड्यांत पचमढीची कथा थोडी उशीरां सुरू होते. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यानें तेथें 'बायसन लॉज' हें घर बांधलें तें १८६२ सालीं. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असल्यामुळें तेथील सरकारचा उन्हाळा पुढें पचमढीस जाऊं लागला, व त्याच्याबरोबर बंगले, गिरजाघर, पोलो व गोल्फ हीं सर्व वर चढलीं. सिमल्याजवळ नालदेहरा, काश्मिरांत गुलमर्ग, नीलगिरींत उटकमंड, आसामच्या बाजूस शिलाँग, असे या मालिकेंतील इतर मणी वाचकांस ठाऊकच आहेत.

परंतु वर चढण्यापूर्वीं हे डोंगर रिकामे होते काय ? इतिहासाची ही एक नेहमींची लबाडी आहे कीं, साहेबानें पाहिलें म्हणजे तें ठिकाण 'सांपडलें'. महाबळेश्वरीं कृष्णेच्या उगमावर मंदिर होतें, यात्रा भरत होती. पचमढीच्या पठारावर कोरकू व गोंड रहात होते. १८६५ सालीं शेजारचें बोरीचें जंगल राखीव झालें आणि त्यांच्या फिरत्या शेतीवर बंधनें आलीं. त्याच पचमढीला आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील शेतकरी महाशिवरात्रीस खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या महादेवाला जातो, व नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या कड्यांवरून पावसांत चालतो. एकाच पठारावर एकजण चेंडू मारीत हिंडत आहे व एकजण नवस फेडीत चढत आहे; आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाहीं ! पुतण्याला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "काका, दोघेही चालतातच कीं." हें त्याचें उत्तर आम्हांस आवडलें. मात्र त्यांत एक भेद आहे : एकाच्या वाटेवर कुंपण असतें, दुसऱ्याच्या नसतें.

हें कुंपण केवळ तारेचें नव्हतें. इंग्रजी अमदानींत असंख्य क्लबांचे दरवाजे गोऱ्यांनाच उघडत. मुंबईस १९१७ सालीं गव्हर्नर विलिंग्डन याच्या नांवानें जो क्लब स्थापन झाला, त्यांत हिंदी व युरोपियन दोघांसही प्रवेश होता, व ही गोष्ट त्या काळीं अपूर्व मानली गेली. पण रंगाचें कुंपण पडलें तरी पैशाचें राहिलें. काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारीं, मालकाचा चेंडू झुडपांतून हुडकून आणणारीं पोरें मैदानावर रोज येत, परंतु खेळाडू म्हणून नव्हे. तरी दृष्टि व मनगट यांना कुंपण घालतां येत नाहीं. १९९१ सालीं इंडियन ओपन ही स्पर्धा प्रथमच एका भारतीय व्यावसायिक खेळाडूनें जिंकली, तो अली शेर मूळचा दिल्लीच्या मैदानावर काठ्या वाहणारा. आणि २००८ सालीं इंडियन मास्टर्स जिंकणारा चौरसिया हा कलकत्त्याच्या मैदानावरील एका माळ्याचा मुलगा. ज्या मैदानावर असल्या मुलांना संध्याकाळीं दोन चेंडू मारूं देतात, तें मैदान आम्ही इतरांहून चांगलें समजतों, मग त्याची हिरवळ कशीही असो.

आतां राहिला पाण्याचा प्रश्न, आणि मराठवाड्यांतील मनुष्य तो शेवटीं टाकूं शकत नाहीं. अठरा खळग्यांचें मैदान म्हटलें म्हणजे शंभर-दीडशे एकर जमीन आली. स्कॉटलंडांत तिच्यावर आभाळ पाणी शिंपतें. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत तें यंत्रानें शिंपावें लागतें. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी १२ तारखेस पोंचली, तिला दहा टाक्या होत्या व पाणी सुमारें पांच लाख लिटर. उन्हाळ्यांत हिरवेंगार ठेवलेलें एक मोठें मैदान एका दिवसांत याहून अधिक पाणी पिऊं शकतें. त्याच महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें दुष्काळ ध्यानांत घेऊन क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे असा हुकूम दिला. कित्येकांनीं त्या वेळीं म्हटलें कीं, सामने हलविल्यानें लातुरास एक घागरही मिळणार नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनें तें खोटें नव्हतें. परंतु शेजारच्या घरीं सुतक असतां आपल्या दारीं चौघडा वाजवूं नये, हा ज्याला आपण रीत म्हणतों तो हिशेब वेगळा आहे, आणि समाज दोन्ही हिशेबांवर चालतो.

याचा अर्थ कोरड्या मुलखांत हा खेळ अशक्यच आहे असा नव्हे. पूर्वीं आमच्या देशांतील छावण्यांनीं यावर एक साधा उपाय काढला होता. खळग्याभोंवतीं हिरवळ राखण्याऐवजीं तेल मिसळलेली वाळू दाबून सपाट करीत, व तिला 'ब्राउन' म्हणत. चेंडू तिच्यावरूनही घरंगळतो, डावही पुरा होतो. आजही कांहीं मैदानें शहराचें सांडपाणी शुद्ध करून वापरतात. तेव्हां पाणी कोठून येतें, हा प्रश्न विचारणारास उत्तर मिळूं शकतें. मात्र तो विचारला पाहिजे.

जमिनीचाही प्रश्न तसाच. गोव्याच्या उत्तर टोंकास, महाराष्ट्राच्या सरहद्दीला लागून, तेरेखोल हें गांव आहे. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांनीं तेथील किल्ल्यावर तिरंगा फडकविला होता. त्याच गांवीं साठ वर्षांनंतर गोल्फचें मैदान व हॉटेल उभारण्याचें ठरलें, तेव्हां पिढ्यान्पिढ्या ती जमीन कसणाऱ्या कुळांनीं विरोध केला, व प्रकरण न्यायासनापुढें गेलें. सुटीवर आलेल्या पाहुण्यास यांतील कांहींच दिसत नाहीं. त्याला समोर समुद्र दिसतो व पायांखालीं गवत. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, निवड करण्याची वेळ तेथें पोंचल्यावरची नसून फाट्यावरची आहे.

वरील इतिहासावरून आम्हांस तीन कसोट्या सुचल्या, व त्या आम्हीं पुतण्यापुढें ठेवल्या : ही जमीन पूर्वीं कोणाची होती, हें पाणी कोणाच्या वांट्याचें आहे, आणि या कुंपणाच्या आंत कोणाला येऊं देतात? तो कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, असें पाहिलें तर वैशाखांत आपल्याला कोठेंच खेळतां यायचें नाहीं." आम्हीं उत्तर केलें, "वैशाखांत खेळावें असें सांगितलें कोणीं ?" साहेबाला उन्हाळा सोसवत नसे म्हणून त्यानें सुटी उन्हाळ्यांत घेतली. हवा त्याच्या सोयीची, आणि रिवाज मात्र आम्ही अद्याप पाळतों.

शेवटीं ठरलें तें असें. दिवाळीच्या सुटींत, पाऊस नुकताच उघडला असतां व डोंगरांवर गवत आपोआप उभें असतां, नागपूरच्या वाटेनें पचमढीस जावें. तेथील मैदानावर लष्करची परवानगी मिळाली तर त्यानें खेळावें. न मिळाली तर काठ्या गाडींत ठेवून आमच्याबरोबर चौरागडाच्या पायऱ्या चढाव्या. मैदान निवडतां निवडतां आम्हीं महिना निवडला. खिचडीचे पैसे पुतण्यानें दिले, आणि गाडी घराकडे वळली.