कोयत्याची धार

आमच्या कोंकणांतल्या घराच्या मागल्या पडवीशीं एक काळसर दगड पडलेला असे. त्यास घरांत निसणा म्हणत. तो आणला तेव्हां सपाट असला पाहिजे. पण मीं पाहिला तेव्हां त्याचा मध्य इतका झिजला होता कीं, पावसाळ्यांत त्यांत पाणी सांचे आणि चिमण्या तेथें पाणी पिण्यास येत. तीन पिढ्यांचे कोयते त्यावर घांसले गेले होते. दगड लोखंडाला झिजवितो कीं लोखंड दगडाला, असा प्रश्न मला लहानपणीं पडे. त्या खळग्याकडे पाहिलें म्हणजे उत्तर मिळे.

चवदा वर्षांचा असतांना या दगडाकडे दुर्लक्ष केल्याचें फळ मला मिळालें. सुटींत गांवीं गेलों होतों. बांबूची एक काठी हवी म्हणून खुंटीवरचा कोयता उचलला आणि घाव घातला. धार गेलेला तो कोयता बांबूंत शिरला नाहीं. त्याच्या गुळगुळीत अंगावरून सरकला आणि माझ्या डाव्या तर्जनीवर आला. खूण अद्याप आहे. आजोबांनीं जखमेंत हळद भरली, आणि मी रडत असतांनाच विचारलें, "निसण्यावर धरला होतास काय रे आधीं?" त्या वेळीं हा प्रश्न मला निर्दयपणाचा वाटला. पुढें कळलें कीं तोच खरा प्रश्न होता. तीक्ष्ण हत्यार जेथें घालावें तेथें शिरतें. बोथट हत्याराला जोर अधिक लागतो, आणि तो जोर कोठें जाईल याचा भरंवसा नसतो. माडाच्या शेंड्यावर एका हातानें झावळी धरून दुसऱ्या हातानें पेंड तोडणाऱ्या पाडेल्याला हें सांगावें लागत नाहीं. वर चढल्यावर दुसऱ्या घावाची चैन त्याला परवडत नाहीं.

निसणा हा शब्द खेडवळ म्हणून पुष्कळांनीं टाकून दिला आहे. पण त्याचें कूळ मोठें आहे. संस्कृतांत 'निशान' म्हणजे धार लावणें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा आठवा अध्याय शस्त्रवैद्याच्या हत्यारांविषयीं आहे. त्यांत धार लावण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी, आणि लावलेली धार राखण्यासाठीं सांवरीच्या लाकडाची फळी वापरावी, असें सांगितलें आहे. दगडावर धार काढावयाची आणि मऊ वस्तूवर ती बसवावयाची, हा क्रम न्हावी आपल्या वस्तऱ्याच्या चामड्यावर पाळीत आला आहे. शस्त्रानें अंगावरचा केंस तुटला म्हणजे तें कामास योग्य झालें, ही कसोटीहि तेथेंच आहे. शिवाय कोणत्या कामास किती जाड धार, याचेंहि माप दिलें आहे : फोडण्याच्या शस्त्राची धार मसुरेएवढी, खरवडण्याच्या शस्त्राची तिच्या निम्मी, टोंचण्याच्या शस्त्राची केंसाएवढी, आणि छेदण्याच्या शस्त्राची अर्ध्या केंसाएवढी. सर्व हत्यारें सारखींच तीक्ष्ण असावींत असें त्या ग्रंथकारास वाटत नव्हतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच अध्यायांत 'पायन' हा शब्द येतो. पायन म्हणजे पाजणें. तापलेल्या शस्त्राला क्षाराचें पाणी, साधें पाणी किंवा तेल पाजावयाचें. हाडें छेदण्याच्या शस्त्राला क्षार, मांस कापण्याच्या शस्त्राला पाणी, आणि शीर टोंचण्याच्या नाजुक शस्त्राला तेल. आजचें धातुशास्त्र सांगतें कीं, लाल तापलेलें पोलाद एकदम थंड केलें म्हणजे त्यांतला कर्ब बाहेर पडण्यास अवसर मिळत नाहीं, आणि तें कठीण पण ठिसूळ होतें. खारें पाणी सर्वांत झपाट्यानें थंड करितें, साधें पाणी त्याहून कमी, आणि तेल सर्वांत सावकाश. तेव्हां सुश्रुताची ही त्रयी केवळ शास्त्रार्थ नसून भट्टीजवळ उभें राहून पाहिलेली गोष्ट असावी, असें मला वाटतें. सहाव्या शतकांतला वराहमिहिरहि बृहत्संहितेंत खड्गाविषयीं लिहितांना केळीच्या क्षारांत ताक मिसळून त्यांत दिवसभर ठेवलेल्या लोखंडाचा प्रयोग देतो. असें शस्त्र नीट परजलें तर दगडावर भंगत नाहीं आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाहीं, अशी त्याची ग्वाही आहे. ताकाचें काय तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु 'कोयता पाजविणें' असें आमच्याकडे आजहि म्हणतात, आणि हें क्रियापद मला त्या पायनाच्याच घराण्यांतलें दिसतें.

लोखंडाच्याहि आधीं धार होती. कर्नाटकांत बळ्ळारीजवळ संगनकल्लू आणि कुपगल येथील टेकड्यांवर खडकांत लांबट खोबणी पडलेल्या आहेत. तीन-चार हजार वर्षांपूर्वीं तेथील लोक दगडी कुऱ्हाडी घांसून घांसून त्यांना धार आणीत. त्या घांसण्याच्याच त्या खोबणी. आमच्या निसण्याचा खळगा आणि तो खळगा यांत जातीचा फरक नाहीं. पुढें विदर्भांत शिलावर्तुळें रचणाऱ्या लोकांनीं लोखंड वितळविलें. नागपुराजवळ नायकुंड येथें त्यांची भट्टी सांपडली आहे आणि माहुरझरीच्या दफनांतून त्यांचीं लोखंडी हत्यारें निघालीं आहेत.

घरचें हत्यार घरीं आणि लढाईचें शिकलगाराकडे, अशी मध्यंतरीं वांटणी होती. शिकलगार कुरुंदाची पूड लाखेंत कालवून तिचें चाक करी. दोरीनें तें फिरे व त्यावर तरवार धरली जाई. कुरुंद म्हणजे संस्कृतांतला कुरुविंद. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. सन १८१२ मध्यें मोह्स यानें खनिजांच्या कठीणपणाचे दहा अंश ठरविले, त्यांत हिरा १०, कुरुंद ९ आणि गारगोटी ७. युरोपियनांनीं हा दगड तामिळ नांवासकट उचलला. सन १८९१ मध्यें अमेरिकेंत एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटींत असतां त्यास विजेच्या भट्टींत चमकदार कठीण कण मिळाले. ते कर्ब आणि कुरुंद यांच्या संयोगाचे आहेत अशा चुकीच्या समजुतीनें त्यानें त्यांस कार्बोरंडम म्हटलें. वास्तविक ते कर्ब व सिलिकन यांचे होते. अशा रीतीनें दक्षिणेकडचा शब्द समुद्रापार जाऊन चुकीच्या कारणानें नवें नांव झाला, आणि आज तोच दगड वाण्याच्या दुकानांतून आपल्या घरीं येतो. शिकलगाराचें मात्र त्यांत नुकसानच झालें. मराठी राज्य १८१८ मध्यें गेलें, १८७८ मध्यें हत्यारांचा कायदा झाला; तरवारीच गेल्या तेव्हां तो कात्र्या आणि विळ्यांकडे वळला.

आतां घरच्या घरीं कोयता पाजविण्याविषयीं. दांते पडले असतील तर आधीं कानस चालवावी, आणि ती एकाच दिशेनें, पुढें ढकलतांना; मागें ओढतांना उचलून घ्यावी. मग दगड. कोयत्याचें पोट आंतल्या बाजूस वळलेलें असल्यामुळें सपाट दगडावर तें सर्वत्र टेंकत नाहीं. अशा वेळीं कोयता स्थिर ठेवून अरुंद दगडच त्यावर मुठीकडून चोंचीकडे फिरवावा, बोटें धारेच्या रेषेमागें ठेवून. दगड ओला असावा. कोन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवा. बहुतेकांचा कोयता बिघडतो तो येथें, कारण हात थकला कीं कोन उभा होतो. एका बाजूनें पुरेसें घांसलें म्हणजे दुसऱ्या बाजूस लोखंडाची बारीक कोर वळलेली बोटास लागते. ती लागली म्हणजे बाजू बदलावी, आणि शेवटीं अगदीं हलक्या हातानें दोन्हींकडून ती काढून टाकावी. धार अंगठ्यावर पाहूं नये, झावळीच्या पातीवर पाहावी. ती वस्तऱ्याएवढी पातळहि करूं नये; सुश्रुताची मसूर येथें आठवावी. पातळ धार बांबूच्या पेऱ्यावर मोडते.

विजेच्या कोरड्या चाकाचा मोह मात्र आवरावा. ठिणग्या उडतात, काम झटपट होतें, आणि धारेवर निळी झांक येते. ती झांक सुमारें ३०० अंश शतमान उष्णतेची खूण होय. लोहारानें दिलेलें पाणी तेथें उतरलेलें असतें. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडविलेला उत्तम कोयता असा पांच मिनिटांत बाद झालेला मीं पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालीं झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रांत कारखाने वाढत गेले तसतसे बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतले लोक दर हंगामास ऊस तोडण्यास घराबाहेर पडूं लागले. त्यांच्या बोलींत नवराबायको मिळून 'एक कोयता' होतो. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागें. एकटें माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उसाच्या बुडख्यांत साखर अधिक, म्हणून तोड जमिनीलगत घ्यावी लागते, आणि प्रत्येक घावाबरोबर माती व खडे पात्याला लागतात. एका दिवसांत धार कितीदां जाते आणि कितीदां फडाच्या कडेला बसून ती परत आणावी लागते, हें तोडणाऱ्यांनाच ठाऊक. मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या टनावर. पाजविण्यांत गेलेली वेळ तींत धरलेली नसते.