मॅन्कोझेब म्हणजे काय? 'एम-४५'च्या पिवळ्या पावडरमागची केमिस्ट्री

घरी शेती असेल तर 'एम-४५' हे नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. द्राक्षावरची डाऊनी असो की टोमॅटो-बटाट्यावरचा करपा, ही पिवळसर पावडर फवारतात. तिच्यातलं औषध म्हणजे मॅन्कोझेब. पुडीवर हिरवा त्रिकोण असतो, म्हणून ते 'साधं औषध' समजलं जातं. पण युरोपियन युनियनने २०२० मध्ये त्याची मंजुरी पुढे चालू ठेवायला नकार दिला. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असं उलटसुलट आउटपुट दिसलं की मी आधी आतलं स्ट्रक्चर बघतो. इथेही तेच करू.

स्ट्रक्चर कसं असतं?

धातूच्या अणूला धरून ठेवणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. इथे धातू मुख्यतः मँगनीज, सोबत थोडं झिंक. लिगँडमध्ये चार सल्फर आणि दोन नायट्रोजन असतात. धातूला पकडतात सल्फर. नायट्रोजन त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन ढकलतो, त्यामुळे पकड पक्की होते. लिगँडला दोन टोकं आहेत आणि प्रत्येक टोक वेगळा धातू पकडतं. अशी लांब साखळी तयार होते. म्हणूनच ही पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती मिसळते.

तयार कसं करतात?

१. एथिलीनडायअमाइन, कार्बन डायसल्फाइड आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून नाबाम बनतं. ते पाण्यात विरघळतं.
२. त्यात मँगनीज सल्फेट टाकलं की मॅनेबचा साका खाली बसतो.
३. त्यावर झिंकच्या क्षाराची प्रक्रिया केली की मॅन्कोझेब मिळतं.

झिंक कशाला? नुसतं मॅनेब दमट हवेत आपोआप तापून पेटूही शकतं. झिंकमुळे ते जास्त स्थिर होतं.

काम कसं करतं आणि धोका कुठे?

पानावर ओलाव्यात ही साखळी तुटते. तुटलेले तुकडे बुरशीच्या अनेक एन्झाइम्सना एकाच वेळी बंद पाडतात, म्हणून बुरशीला त्याची सवय होणं अवघड जातं. पण याच तुटण्यातून एथिलीन थायोयुरिया, म्हणजे ईटीयू, तयार होतं. ते थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं. प्रजननावरचा परिणाम आणि हार्मोन्समधली ढवळाढवळ ही युरोपच्या नकारामागची मोठी कारणं होती.

मग हिरवा त्रिकोण खोटा का? नाही. तो फक्त एकदम पोटात गेल्यास किंवा अंगावर सांडल्यास किती विषारी, एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, हे त्या रंगात येत नाही.

काय काळजी घ्याल?

- पुडी घट्ट बंद करून कोरड्या, थंड जागी ठेवा. ऊन आणि दमट हवा लागली की ईटीयू वाढतं.
- द्रावण त्याच दिवशी संपवा.
- पावडर मिसळताना हातमोजे आणि मास्क हवाच.
- शेवटची फवारणी आणि तोडणी यांतलं अंतर लेबलवर दिलेलं असतं, ते पाळा. अक्षरं बारीक असतात, मोबाईलवर फोटो काढून झूम करा.
- भाजी शिजवण्याआधी नीट धुवा. औषध पानाफळाच्या वरच राहतं, त्यामुळे बरंचसं निघून जातं. न धुता शिजवलं तर उष्णतेने त्याचंच ईटीयू होतं.

तुमच्या घरात फवारणी कोण करतं? हा लेख आधी त्यांना वाचून दाखवा.