रंगांच्या तीन सनदा

रंगीत दूरचित्रवाणीच्या तीन पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीचे चित्र उत्तम, हा वाद काही दशके हिरिरीने चालला. परंतु चित्राच्या दर्जाचे जे श्रेय वा दूषण रंगपद्धतीच्या पदरी घातले जाई, त्यातील पुष्कळसे वस्तुतः तिचे नव्हतेच.

अमेरिकेच्या संघीय संपर्क आयोगाने डिसेंबर 1953 मध्ये ‘एनटीएससी’ पद्धतीस मान्यता दिली, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच निकामी होऊ नयेत, ही तिची मुख्य अट होती. म्हणून प्रकाशाचा मूळ संदेश तसाच राखून रंगाची वार्ता सुमारे 3.58 मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर चढविण्यात आली: लहरीच्या उंचीत रंगाचा गडदपणा, आणि तिच्या कलेत, म्हणजे चढउताराच्या वेळेत, रंगाची छटा. योजना असामान्य प्रतिभेची खरी. पण वाटेत डोंगरांवरून वा इमारतींवरून परावर्तन होऊन ती कला किंचितही सरकली, की चेहऱ्यांवर हिरवट वा जांभळट झाक उतरे आणि प्रेक्षकास छटेची खुंटी फिरवीत बसावे लागे.

टेलिफुंकन कंपनीचे अभियंता वाल्टर ब्रुख यांनी जानेवारी 1963 मध्ये हॅनोव्हर येथे युरोपीय तज्ज्ञांपुढे ‘पाल’ची तजवीज मांडली. एकाआड एक ओळीत रंगसंदेशाच्या एका घटकाची दिशा उलटवावयाची, संचातील काचेच्या विलंबपट्टीत ती ओळ सुमारे 64 मायक्रोसेकंद थोपवून पुढील ओळीशी तिची सरासरी काढावयाची, की छटेची चूक परस्पर फिटे आणि मागे उरे तो रंगाचा थोडासा फिकेपणा, जो डोळ्यास सहसा जाणवत नाही. या युक्तीतील लाघव मला आजही थक्क करते.

फ्रान्समधील आंरी द फ्रान्स यांच्या ‘सेकाम’ने रंगाचे दोन संदेश एकत्र न पाठविता ओळीओळीने आळीपाळीने धाडले, छटा त्यामुळे निर्धोक झाली, परंतु दोन दृश्ये एकमेकांत विरघळविणे इतके जिकिरीचे, की सेकामच्या अमलाखालील कित्येक स्टुडिओ काम पालमध्ये करीत आणि प्रक्षेपणाच्या वेळी रूपांतर करीत. मार्च 1965 मध्ये फ्रान्स व सोव्हिएत संघ यांनी सेकामविषयी करार केला, आणि त्याच सुमारास एकच रंगपद्धत ठरविण्यासाठी व्हिएन्नात भरलेली परिषद एकमताविना उठली.

पालचे चित्र अधिक रेखीव, असे जे म्हटले जाई, त्याचे कारण बहुतांशी 525 ऐवजी 625 ओळी हे होते, आणि ओळींची संख्या तर कृष्णधवल काळातच ठरून गेली होती. उलट अमेरिकेचे सेकंदास 60 क्षेत्रांचे, म्हणजे अर्धचित्रांचे, चित्र 50 क्षेत्रांच्या युरोपीय चित्राहून कमी लुकलुके. त्याचेही श्रेय रंगपद्धतीचे नव्हे. ब्राझीलने 525 ओळींवरच पाल बसविली, हा याचा निर्णायक पुरावा होय.

भारताने 1982 मध्ये पाल स्वीकारली, तेव्हा 625 ओळी आणि 50 हर्ट्झची वीज येथे आधीपासूनच होती. 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालेले मुंबई केंद्र त्याच मापाने चित्रे पाठवीत होते, आणि म्हणून मराठी घरांतील जुन्या संचांवरही रंगीत कार्यक्रम कृष्णधवल रूपात विनातक्रार दिसत राहिले.