मॉरिशस : व्हिलाच्या बाहेर

मॉरिशसला व्हिला बुक केला की चार दिवस कसे उडतात कळतच नाही. सकाळी पूल, दुपारी बीच, संध्याकाळी ग्रँड बे. करा की मजा! पण मंडळी, एक सकाळ राखून ठेवा आणि पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जाच.

बघायला तसं फार काही नाही. थोडं जुनं दगडी बांधकाम आणि १६ पायऱ्या. १८३५ साली इथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाच्या मळ्यात राबायला माणसं तर हवीच ना! म्हणून इंग्रजांनी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईहूनसुद्धा. ‘ॲग्रीमेंट’चं झालं ‘गिरमिट’. (आपणही ऑनसाइटला जाताना न वाचताच सही ठोकतो, पण परतीचं तिकीट खिशात असतं.) त्यात कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आज क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते!

वेळ उरला तर नैर्ऋत्येचा ल मॉर्न डोंगर बघा. पळालेले गुलाम तिथे लपायचे. लोक सांगतात, १८३५ मध्ये शिपाई सुटकेची बातमी द्यायला वर चढले. यांना वाटलं, धरायलाच आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज रिसॉर्ट्स आहेत.