डॅनिश प्रतिकार चळवळ

डॅनिश प्रतिकार चळवळ ही दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त डेन्मार्कमधील भूमिगत गटांनी चालवलेली चळवळ होती.

पार्श्वभूमी

जर्मनीने ९ एप्रिल १९४० रोजी आक्रमण केल्यावर डेन्मार्कने काही तासांतच शरणागती पत्करली. राजा, संसद व न्यायालये कायम राहिली आणि सरकारने सहकार्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे प्रतिकार करणाऱ्यांना स्वदेशी पोलिसांचीही भीती होती. ऑलबोर्ग येथील शाळकरी मुलांच्या ‘चर्चिल क्लब’च्या सदस्यांना मे १९४२ मध्ये डॅनिश पोलिसांनीच अटक केली.

विस्तार

ऑगस्ट १९४३ मध्ये संप व घातपात वाढले. घातपातासाठी मृत्युदंड लागू करण्याची जर्मनीची मागणी सरकारने फेटाळली आणि २९ ऑगस्ट रोजी जर्मनांनी लष्करी आणीबाणी पुकारली. सप्टेंबरमध्ये विविध गटांच्या समन्वयासाठी ‘स्वातंत्र्य परिषद’ स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये सामान्य नागरिक, मच्छीमार व भूमिगत कार्यकर्त्यांनी ७,००० हून अधिक ज्यूंना नावांतून स्वीडनला पोहोचवले. ‘बोपा’ व ‘होल्गर डान्स्के’ या गटांनी जर्मनांसाठी उत्पादन करणारे कारखाने उद्ध्वस्त केले, तर युटलंडमध्ये लोहमार्गांवर घातपात झाले.

शेलहूसवरील हल्ला

गेस्टापोच्या हाती लागलेल्या कागदपत्रांमुळे चळवळच धोक्यात आली होती. चळवळीच्या विनंतीवरून ब्रिटिश हवाई दलाने २१ मार्च १९४५ रोजी कोपनहेगनमधील गेस्टापोच्या मुख्यालयावर, शेलहूसवर, बॉम्बहल्ला केला. तेथील अनेक कैदी निसटले. मात्र काही विमानांनी चुकून जवळच्या शाळेवर बॉम्ब टाकल्याने ८६ मुले मृत्युमुखी पडली.

५ मे १९४५ रोजी डेन्मार्क मुक्त झाला.