दोन सामन्यांचा पिचर (फँटसी बेसबॉल)

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलवर आधारलेल्या फँटसी खेळाच्या (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळाच्या) साप्ताहिक प्रकारात, एकाच आठवड्यात दोनदा सामन्याची सुरुवात करणारा पिचर. फँटसी बेसबॉलचा आजचा साचा 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट व त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये घडवला.

बहुतेक संघ पाच पिचर आळीपाळीने वापरतात. त्यामुळे सोमवारी किंवा मंगळवारी खेळलेल्याची पाळी शनिवार-रविवारी पुन्हा येऊ शकते. साप्ताहिक प्रकारात फँटसी संघ सहसा सोमवारी एकदा ठरला की आठवडाभर बदलत नाही. दोन सामने म्हणजे विजयाच्या दोन संधी आणि जवळपास दुप्पट स्ट्राइकआउट. असा पिचर घेण्याचा मोह होतो तो इथेच. पण दिलेल्या धावांच्या सरासरीचे गुण याच हिशेबात बुडतात. समजा, बाकीच्या पिचरांनी 30 इनिंगमध्ये 10 धावा दिल्या. नऊ इनिंगमागे सरासरी पडते 3.00. त्यात एका सुमार पिचरच्या दोन सामन्यांतील 10 इनिंग व 8 धावा मिळवल्या, की ती 4.05 वर जाते. अशा वेळी एकच सामना असलेला कसलेला पिचर बरा.

प्रतिस्पर्धी फलंदाजांइतकेच मैदानही पाहावे लागते. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत टोलवलेला चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू कमी वळतो. शिवाय मंगळवारचा सामना पावसाने पुढे गेला, तर रविवारची पाळी बहुधा हुकतेच.