क्लार्क केर : दोन्हीकडून मार खाल्लेला प्रेसिडेंट

मंडळी, क्लार्क केर हे मूळचे कामगार-अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मालक आणि युनियन यांच्यातले तंटे मिटवण्यात मुरलेला माणूस. १९५८ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रेसिडेंट झाले. आपल्या कुलगुरूंसारखं पद समजा, फक्त त्यांच्या हाताखाली एक नाही, अनेक कॅम्पस. आणि डोक्यावर रीजेंट्सचं नियामक मंडळ. राज्याचा गव्हर्नर या मंडळाचा पदसिद्ध सभासद असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केरांचं मोठं काम म्हणजे १९६० चा मास्टर प्लॅन. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के विद्यापीठात, वरचे एक तृतीयांश राज्य कॉलेजांत आणि बाकी सगळ्यांना दोन वर्षांच्या कॉलेजचं दार उघडं. तेही शिकवणी-फी न घेता! अर्व्हाइन आणि सांताक्रूझचे कॅम्पस त्यांच्याच काळात उभे राहिले.

मग आलं १९६४. बर्कलीच्या फाटकाबाहेरच्या फुटपाथवर मुलं टेबलं मांडून राजकीय पत्रकं वाटायची, नागरी हक्क चळवळीसाठी पैसे जमवायची. सप्टेंबरमध्ये कॅम्पसच्या अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. केर तेव्हा परदेशात होते. परत आल्यावर हुकूम सरळ मागे घ्यायचा ना? तो त्यांनी घेतला नाही, मधला मार्ग शोधत बसले. ही चूक झाली, हे पुढे त्यांनीच कबूल केलं. माझ्या मते इथे त्यांचा जुना धंदाच नडला. पगाराच्या भांडणात निम्मं-निम्मं करता येतं. बोलण्याच्या हक्काचं निम्मं कसं करणार? डिसेंबरात स्प्राउल हॉलमधून सुमारे ८०० जणांना अटक झाली. काही दिवसांतच प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी मुलांची बाजू घेतली.

म्हणजे बघा, मुलांच्या लेखी केर हा कारखान्याचा मॅनेजर, आणि उजव्या राजकारण्यांच्या लेखी मुलांना डोक्यावर चढवणारा. रोनाल्ड रेगननी १९६६ ची निवडणूक लढवताना बर्कलीतल्या गोंधळाचा मुद्दा जोरात वापरला. जानेवारी १९६७ मध्ये ते गव्हर्नर झाले, आणि त्याच महिन्यात मंडळाने १४ विरुद्ध ८ मतांनी केरांना काढून टाकलं.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन केरांना मंत्रिमंडळात घ्यायच्या विचारात असताना एफबीआयने व्हाइट हाउसला अहवाल दिला होता. त्यात खोटे ठरलेले आरोपही घातले होते. एका पत्रकाराने कोर्टात झगडून मिळवलेली ही कागदपत्रं २००२ साली छापून आली. केर तेव्हा हयात होते, ९१ वर्षांचे.